आत जाणाऱ्या हवेचं खातं

इस्त्रीच्या दुकानापाशी चढ सुरू व्हायचा आणि तिथे हवामानरावांची गाडी थांबायची. थांबायची म्हणजे बंद पडायची नाही, उगाच तिची बदनामी नको. नुसती थांबायची, एक सुस्कारा टाकायची, आणि मग शेजारचं दार उघडून हवामानरावांच्या पत्नी खाली उतरायच्या. पर्स खांद्याला, डबा हातात. त्यांचं वजन उतरलं की गाडी आणखी एक सुस्कारा टाकायची, या खेपेला सुटकेचा, आणि पहिल्या गियरमध्ये कण्हत कण्हत वर निघायची. बाई शेजारून चालायच्या. काच खाली केलेली असायची. दोघींचा वेग एकच. कधी बाई पुढे निघून जायच्या आणि वळणावर थांबून गाडीची वाट बघायच्या, पण हे गाडीदेखत कुणी बोलून दाखवत नसे.

हवामानराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हवामान खात्यात नोकरी, म्हणून टेकडीवरच्या त्या इमारतीतल्या लोकांनी ते चिकटवलं होतं. गादी उन्हात टाकायची असो की स्वेटर धुवायचे असोत, जिन्यात त्यांना गाठून विचारायची पद्धतच पडली होती. ते मान वर करून जिन्याच्या छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "शक्यता नाकारता येत नाही." एवढ्या भरवशावर लोक गाद्या टाकायचे आणि भिजल्या की त्यांना बोल लावायचे. माणूस साधा, सज्जन, फक्त तंद्रीतला. सिग्नल हिरवा झाला तरी हे आपले ढगाची कड कशी विरत चालली आहे ते बघत बसलेले. मागे हॉर्नचा कल्लोळ. हे मनात म्हणणार, कुठेतरी मिरवणूक निघालेली दिसते.

म्हणून त्यांच्या घरात एक नियम झाला होता, की हे गाडी चालवत असताना यांच्याशी बोलायचं नाही. एकदा बाई सहज म्हणाल्या होत्या, "तो ढग बघा, कशी उशी पिंजून ठेवल्यासारखा दिसतोय." हवामानरावांनी तो बघितला, खात्याच्या वर्गवारीप्रमाणे त्याला मनातल्या मनात जागेवर बसवला, आणि गाडी टपालपेटीवर नेऊन घातली. ती पेटी अजून तिरकी आहे. तेव्हापासून शहर पार होईपर्यंत गाडीत शुकशुकाट.

बरं, बाई कामाला कुठे, तर ग्रंथालयात. म्हणजे दिवसभर ओठांवर बोट. बोलणं साठून साठून संध्याकाळपर्यंत गळ्याशी आलेलं. घरी जाऊन बोलावं, तर घरी हवामानरावांच्या मावशी. दार उघडायच्या त्याच मावशी, आणि दाराबरोबर त्यांचं तोंड उघडायचं. फरक एवढाच, की दार पुढे बंद व्हायचं. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, मधल्या वेळात कोणाच्या बादलीचा आवाज झाला, हे सगळं जेवण उरकेपर्यंत पुरायचं. मावशी मायाळू होत्या, पण त्यांच्या बोलण्यात शिरायचं म्हणजे चालत्या गाडीत चढण्यासारखं होतं, आणि या घराला चालत्या गाडीची सवय नव्हती.

तर नवरा-बायकोला बोलायला उरायचा तो चढ. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून बाई चालायच्या आणि सांगायच्या. गाडी इतकी हळू जायची, की तिथे टपालपेटीलाही भीती नव्हती. अलीकडे त्या एका आजोबांबद्दल सांगत होत्या. हे आजोबा रोज दुपारी वाचनालयाच्या खिडकीशी बसायचे, मोठा जगाचा नकाशासंग्रह उघडायचे आणि त्यावर मान टाकून झोपायचे. समोरच्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. आजोबांचा डोळा लागला, की या शिक्षिकाबाई हळूच उठायच्या, त्यांचा हात अलगद उचलायच्या आणि एक पान उलटायच्या. आजोबा एका देशात झोपायचे आणि दुसऱ्या देशात जागे व्हायचे. उठल्यावर चष्मा लावून नव्या देशाकडे थोडा वेळ बघायचे, संग्रह मिटायचे आणि घरी जायचे. रोज.

"त्यांना कळत नसेल?" हवामानराव विचारायचे.

"तेच तर कळत नाही," बाई म्हणायच्या. "चेहरा असा करतात, की काही पत्ताच लागत नाही. आज वाळवंटात निघाले होते, बर्फात उठले."

मग हवामानराव त्या बर्फाचा विचार करत राहायचे आणि चढ संपायचा.

आता ही इतकी सुखाची गोष्ट, तिच्यात माणसाने बोट घालावं कशाला? पण हवामानरावांना त्या चढाची लाज वाटायची. गॅलऱ्यांतून लोक बघत. बायको पायी आणि नवरा गाडीत, ही शोभा रोज संध्याकाळी. एकदा तर काठी टेकत जाणारे एक गृहस्थ गाडीच्या पुढे निघून गेले आणि वर जाऊन मागे वळून हसले. हवामानरावांच्या मनाने घेतलं, की बायकोलाही हे सगळं खुपत असणार. तिला तसं विचारलं का? छे. विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खात्यात जन्म गेलेला माणूस विचारत नाही, अंदाज बांधतो.

आणि एका संध्याकाळी त्यांचा अंदाज खरा ठरल्यासारखं झालं. बाईंच्या हातात शिवायला काढलेल्या पुस्तकांची जड पिशवी होती. त्या इस्त्रीच्या दुकानापाशी उतरल्या, तेवढ्यात मागून एक मोठी नवी गाडी आली आणि आवाज न करता शेजारी थांबली. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले. काच आपोआप खाली सरकली.

"वहिनी, बसा ना. आपण सगळे एकाच ठिकाणी तर चाललोय."

बाईंनी पिशवीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि बसल्या. मोठी गाडी लोणी कापत गेल्यासारखी वर गेली. हवामानराव चढावर एकटे राहिले. गाडीने नेहमीचा सुस्कारा टाकला. त्यांनीही टाकला.

ते वर पोचले तेव्हा बँकवाले फाटकाशी उभे होते. "वहिनींचं ग्रंथालय माझ्या शाखेच्या रस्त्यावरच आहे. एक तारखेपासून माझी वेळ बदलतेय. रोज मीच नेत-आणत जाईन की. उगाच चढावर त्रास."

"बघू," बाई म्हणाल्या.

हवामानरावांनी आयुष्यभर आभाळ वाचलं होतं. या 'बघू'त त्यांना काळाकुट्ट ढग दिसला. एक तारखेला शेजारची जागा रिकामी होणार. त्या जागेवरची गादी बाईंच्या बेताने दबलेली होती, तिथे दुसरं काही ठेवलं तरी कलंडायचं. महिना संपायच्या आत ही गाडी बायकोला घेऊन चढलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे गच्चीवर उभं राहून संध्याकाळच्या आभाळाला सांगितलं. आभाळाने नेहमीप्रमाणे काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीचं बॉनेट उघडं दिसताच इमारत खाली उतरली. उघडं बॉनेट आणि रस्त्यावरचा खड्डा, या दोन गोष्टींत डोकावल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. तळमजल्यावरचे सचिव म्हणाले, प्लग बदला. त्यांचे व्याही पेट्रोलवर घसरले. एका काकूंनी गाडीचा रंगच चुकलाय असं सांगितलं, फिकट रंगाच्या गाड्या मुळातच अशक्त असतात म्हणे. मावशी गॅलरीतून ओरडून सांगत होत्या, की तिला सकाळी सकाळी कोमट पाणी द्या. हवामानराव सगळ्यांना "शक्यता नाकारता येत नाही" म्हणत राहिले आणि संध्याकाळी मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री हा इंजिनाचा वैद्य होता, निदान त्याची समजूत तशी होती. त्याने इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. हवामानरावांना वाटलं, झोप लागली असावी.

"साहेब, हिला हवा पुरत नाही," तो म्हणाला. "छाती मोठी आहे, नाक बारीक आहे. जुन्या गाड्यांना कंपनीने नाकंच अशी दिली. बाहेरचं नाक बसवा. बाजारात हल्ली चांगली नाकं मिळतात."

हवा पुरत नाही. हवामान खात्यातल्या माणसाच्या गाडीला हवा पुरत नाही. ही गोष्ट कचेरीत कळली असती, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

नाकांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. आत गेल्यावर हवामानराव दारातच थबकले. भिंतभर चकचकीत नळे लटकत होते. लाल शंकू, निळे शंकू, वळणदार पाइप, जाळीची टोपणं. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली आणि एकेक नाक काढून मांडीवर ठेवायला सुरुवात केली. हा नुसता फिल्टर, जुन्या पेटीतच बसतो, पण त्यात मजा नाही. हा आखूड नळा, शंकू थेट इंजिनाशेजारी राहतो, याने गाडी गुरगुरते. आणि हा लांब नळा, बॉनेटखालून वळसा घेऊन बंपरमागे खाली उतरतो आणि रस्त्यालगतची थंड हवा ओढतो.

"थंड हवा जास्त दाट असते," हवामानराव हळूच म्हणाले.

"तुम्हाला कळतं यातलं," दुकानदार म्हणाला, आणि हवामानरावांना आयुष्यात पहिल्यांदा बाजारात कुणीतरी ओळखल्यासारखं झालं.

त्या खुर्चीतच त्यांची तंद्री लागली. त्यांना तो लांब नळा पहाटेच्या कुरणावर वाकलेला दिसला. दवावरून आलेली हवा, झाडाखाली रात्रभर निजलेली हवा, एकेक घोट आत जात होती. गाडी पिसासारखी चढ चढत होती आणि शेजारी बायको बसून पदर सावरत होती. दुकानदाराने मांडीवरची नाकं उचलून पुन्हा भिंतीला लावली, दुसरं गिऱ्हाईक करून पाठवलं, तरी हे कुरणातच.

पण शास्त्राचा माणूस स्वप्नावर खरेदी करत नाही. गाडीच्या कोणत्या भागात हवा सगळ्यात थंड असते, हे आधी मोजायला हवं. हवामानरावांनी कचेरीतून साहेबांच्या परवानगीने एक तापमापक आणि वारा मोजायचं फिरत्या वाट्यांचं यंत्र आणलं. फाटकाजवळ उभ्या गाडीच्या बॉनेटवर यंत्र बसवलं, तापमापक दोऱ्याला बांधून इंजिनात सोडला, आणि शेजारी स्टूल टाकून बसले. वाट्या संथ फिरत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता दुपार कलली. इमारतीतल्या लोकांना वाटलं, वादळाचा इशारा आलाय. सगळ्या गच्चीवरचे कपडे खाली आले. बँकवाल्यांनी आपल्या नव्या गाडीवर झाकण घातलं.

निष्कर्ष निघाला, की सगळ्यात थंड हवा पुढच्या चाकाच्या मागे, अगदी जमिनीलगत आहे. गाडी उभी असताना, सावलीत, कोरड्या रस्त्यावर. हे शेवटचे तीन शब्द हवामानरावांच्या मनात आले नाहीत. आणले ते लांब नाकच.

मध्ये मिस्त्रीने आठवण केली, की वार्षिक तपासणी तोंडावर आहे, बदल केलाय तर कचेरीची परवानगी घेऊन ठेवा. हवामानराव वाहन कचेरीत गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने प्रदूषणाच्या खिडकीकडे. तिथे एक कारकून टेबलावर पंखा तोंडाशी घेऊन बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"इथे गाडीतून बाहेर येणारी हवा बघतात," ते म्हणाले. "तुमची आत जाणारी आहे."

"मग आत जाणारी हवा कोणाकडे?"

कारकुनांनी विचार केला. खरोखर केला. "आत जाणाऱ्या हवेला खातंच नाही," ते जरा हळहळून म्हणाले. "आत जाईपर्यंत ती बाहेरच असते ना. तुम्ही काय करता?"

"हवामान खात्यात आहे."

"झालं तर. तुमचीच हवा. तुमच्या खात्याचं ना हरकत आणा, मी इथे शिक्का मारतो."

हवामानरावांनी स्वतःच्या खात्याला अर्ज केला. अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी तो अभिप्रायासाठी जमिनीलगतच्या हवेच्या विभागाकडे पाठवला. त्या विभागात एकच टेबल होतं आणि त्यावर हवामानराव बसायचे. त्यांनी आपला अर्ज आपणच वाचला, जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे घाई केली असं वाटू नये, आणि लिहिलं, 'सदर वाहनाने घेतलेल्या हवेमुळे एकूण हवेत लक्षणीय घट होणार नाही.' खाली सही केली. सरकारी नोकरीत इतक्या समाधानाने त्यांनी क्वचितच सही केली असेल.

लांब नाक बसलं. मिस्त्री म्हणाला, आता वाघ झालाय वाघ. त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकमोजणी होती, बाई उशिरा येणार होत्या, म्हणून हवामानराव एकटेच रंगीत तालमीला निघाले. इस्त्रीचं दुकान आलं. गाडी थांबली नाही. नुसती कण्हली आणि चढू लागली. हवामानरावांचा ऊर भरून आला. वळणापर्यंत सगळं दवातल्या कुरणासारखं चाललं होतं.

वर फाटकाशी बँकवाले आपली गाडी धूत होते. ते तिला फेस लावून आंघोळ घालायचे, लहान मुलाला घालतात तशी, कानामागूनसुद्धा. तो सगळा फेस ओघळत चढावरून खाली येत होता. थंड हवा जमिनीलगत असते, हे खात्याने शोधून काढलं होतं. फेसही तिथेच असतो, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाडीने एक घोट घेतला, दुसरा घेतला, ठसका दिला. चाकाने उडवलेला फेस पंख्यावर गेला आणि बॉनेटच्या फटींतून बुडबुडे निघू लागले. आधी बारीक, मग मोठे, संध्याकाळच्या उन्हात रंग बदलत, शेकड्यांनी. गाडी चढाच्या मध्यावर मुकाट उभी आणि तिच्यातून बुडबुडे वर वर चाललेले. गॅलऱ्या भरल्या. पोरंटोरं धावत आली. हवामानराव स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडलं. अपमान व्हायला हवा होता, तो घरी गेल्यावर झाला.

"अरे, गाडी आहे की साबणाची वडी?" मावशी म्हणाल्या. बाई आल्यावर त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, बुडबुडे हातांनी दाखवून. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण मावशी अजून दुसऱ्या बुडबुड्यावर होत्या.

मिस्त्रीने इंजिन खोलून कोरडं केलं आणि नशीब म्हणा, म्हणाला. मग त्याने लांब नाक काढून आखूड बसवलं. लाल शंकू, उघडा, थेट इंजिनाशेजारी. परवानगीत नळ्याची लांबी लिहिलेली नव्हती, तेवढं एक बरं झालं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हवामानरावांनी काचा पुसल्या, शेजारची गादी झटकली. संध्याकाळी ग्रंथालयाच्या दारातून बायकोला घेतलं. शहरातून जाताना गाडी नुसती घोरत होती. इस्त्रीच्या दुकानापाशी बाईंचा हात सवयीने दाराच्या मुठीकडे गेला.

"बसून राहा," हवामानराव म्हणाले. इतकं भारदस्त वाक्य त्यांनी लग्नातही उच्चारलं नव्हतं.

त्यांनी पाय दाबला. लाल शंकूने छाती भरून श्वास घेतला, आणि जो आवाज निघाला त्याला काय म्हणावं? इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री शर्टावर राहिली. तळमजल्यावरच्या सचिवांच्या कपाटातल्या बश्या थरथरल्या, त्याची तक्रार रीतसर नंतर आलीच. मावशी विमान बघायला गॅलरीत धावल्या. आणि गाडी चढली. दोघांना घेऊन चढली, वळणावर न कण्हता, गॅलऱ्यांच्या नाकावर टिच्चून.

"आज ते आजोबा," बाई म्हणत होत्या.

"काय?"

"आजोबा, ते नकाशावाले,"

"मोठ्याने बोल."

बाईंनी एकदा पुढे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या. गाडी वर पोचली. पूर्वी जो चढ पुरून उरायचा, तो एका श्वासात संपला. दार मावशींनी उघडलं.

हवामानराव जिंकले होते. रात्री जेवताना ते मावशींच्या बोलण्याच्या फटीतून बायकोच्या चेहऱ्यावर तो विजय शोधत होते. बाईंनी भाजी वाढली आणि अगदी सरळपणे म्हणाल्या, "उद्यापासून मी बँकवाल्यांच्या गाडीने जाईन म्हणते."

"अगं, पण चढली की गाडी."

"चढली ना. छान चढली. पण माझं डोकं उठलं हो. दिवसभर मी शांततेत असते. त्यांच्या गाडीत निदान आवाज तरी नसतो."

मावशी म्हणाल्या, पाणी आज लवकर गेलं.

एक तारखेपासून शेजारची जागा रिकामी झाली. हवामानराव रोज संध्याकाळी एकटेच गुरगुरत चढ चढायचे. गॅलऱ्यांतली माणसं आता बघायचीसुद्धा नाहीत, कानांवर हात ठेवून आत जायची. दबलेल्या गादीवर त्यांनी डबा ठेवून पाहिला, तो वळणावर कलंडला. कचेरीत ते खिडकीशी बसायचे आणि समोर भरभक्कम ढग येऊनही त्यांना त्यांची जात ओळखावीशी वाटायची नाही. एका दुपारी साहेबांनी कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या वाऱ्यांची माहिती मागितली आणि हवामानरावांना एकदम वाटलं, आजोबा आता कुठे पोचले असतील? बर्फातून निघून किती दिवस झाले. समुद्र लागला असेल, की ते अजून डोंगरातच आहेत? त्यांना माहीत नव्हतं. माहीत असलेली एकच व्यक्ती आता बँकवाल्यांच्या गाडीत बसून येत होती. घरी त्यांनी दोनदा विचारायला तोंड उघडलं, दोन्हीदा मावशींनी उत्तर दिलं. बायको घरातच होती आणि त्यांना तिची आठवण येत होती. असं कुणाला सांगायचं तरी कसं?

ते उठले आणि मिस्त्रीकडे गेले.

"जुनं नाक परत बसव."

"साहेब, वेडे का काय? मग पुन्हा धाप लागेल तिला."

"लागू दे."

"जुन्या नाकाची पेटी तुम्ही घरी नेली होती."

नेली होती खरी, आणि मावशींनी तिच्यात पुदिना लावला होता. गॅलरीत कोवळ्या उन्हात तो चांगला फोफावला होता. ती सोडवताना झालेली चर्चा इथे देत नाही. तिच्यात हवामानरावांच्या आईची, मावशींच्या माहेरच्या बागेची आणि पूर्वी हवेशीर घरं कशी असायची याची सविस्तर माहिती आली होती. शेवटी लाल शंकू उलटा करून त्यात पुदिना लावायचा, असं ठरलं. शंकूला तळाशी जाळी असल्याने पाणी छान निथळतं, हे मावशींनी पुढे सगळ्या इमारतीला सांगितलं. मिस्त्रीने पेटीतली माती झटकली, जुना कळकट फिल्टर बघून नाक मुरडलं, निदान हा तरी नवा घाला म्हणाला.

"नको. होता तसा," हवामानराव म्हणाले.

त्या संध्याकाळी ते शहरातून निघाले. ऊन तिरपं झालं होतं, आभाळात एक लांबट ढग दमून पहुडला होता. इस्त्रीच्या दुकानापाशी गाडी थांबली. सुस्कारा टाकला. हवामानरावांचा हात नकळत शेजारच्या दाराकडे गेला आणि तिथेच राहिला. उघडून उतरायला कुणी नव्हतं. त्यांनी पहिला गियर टाकला. गाडी कण्हत निघाली, एका माणसाच्या वजनालाही आज तिला धाप लागत होती, बहुधा थोडा पुदिना आत राहिला असावा.

मागून मोठी गाडी आली. आवाज नव्हताच, नुसती सावली शेजारी सरकली. बँकवाले बोलत होते, ठेवींबद्दल असावं, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा हवेत. त्यांच्या शेजारी बाई समोर बघत बसल्या होत्या. मग त्यांनी मान वळवली. कण्हणं त्यांच्या कानांवर गेलं होतं. त्यांनी काच खाली केली आणि क्षणभर नुसतं ऐकलं, ओळखीचं कुणी जिन्यात खोकलं की माणूस ऐकतो तसं.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, घर यायचंय अजून," बँकवाले म्हणाले.

"माहीत आहे. मी चालत येते. माझं यांच्याशी बोलायचं राहिलंय."

त्या उतरल्या. पर्स खांद्याला, डबा हातात. मोठी गाडी थोडा वेळ बुचकळ्यात पडल्यासारखी उभी राहिली आणि मग वर निघून गेली. बाई कण्हणाऱ्या गाडीपाशी आल्या आणि त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"जुनं बसवलंत?"

"हो."

"बरं केलंत."

"मला वाटलं, तुला चालायचा त्रास होतो."

"विचारायचं होतंत," बाई म्हणाल्या. त्यांना आलेला राग तेवढ्या दोन शब्दांत मावला. मग थोडं चालल्यावर म्हणाल्या, "त्या माणसाला व्याजाशिवाय दुसरं काही बोलता येत नाही हो. मला वाटलं, मी घुसमटून जाणार."

गाडी कण्हत होती. गॅलऱ्यांतून एकेक डोकं पुन्हा बाहेर येत होतं. हवामानरावांनी तिकडे बघितलंही नाही.

"आजोबा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"अहो, तेच सांगायचंय किती दिवस." बाई खिडकीशी वाकल्या. "समुद्र पार केला त्यांनी. बेटांच्या पानावर आले. आणि काल शिक्षिकाबाई आल्याच नाहीत. ताप आला होता त्यांना. आजोबा झोपले, पान उलटायला कोणी नाही. मला वाटलं, मी उठून उलटावं, पण धीर झाला नाही. ते जागे झाले. चष्मा लावला. बघतात तर तेच बेट. किती वेळ बघत बसले. मग संग्रह तसाच उघडा ठेवून माझ्या टेबलापाशी आले आणि इतक्या हळू विचारलं, 'आज बाई आल्या नाहीत का? आम्ही अजून तिथेच थांबलोय.'"

"आम्ही म्हणाले?"

"आम्ही म्हणाले."

"म्हणजे त्यांना सगळं कळत होतं."

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

"मग आज?"

"आज आल्या ना त्या. सांगते. सावकाश घ्या."

हवामानरावांनी पाय आणखी हलका केला. गाडी इतकी हळू झाली, की काठी टेकत जाणारे ते गृहस्थ पुन्हा शेजारून पुढे गेले आणि वर जाऊन हसले. चढ अजून बराच होता.